दहा लिटरचा रगडा

"म्हणजे रामाच्या देवळाच्या गल्लीत?" वत्सलम्मांनी विचारलं आणि जयशीलाची मान हलली. तिने ती हलवली असं म्हणता येणार नाही. बसमध्ये डुलकी लागल्यावर हलते तशी ती आपली आपण हलली, आणि हलून झाल्यावर जयशीलाला कळलं की आपण हो म्हटलंय. त्याआधी वत्सलम्मांनी एवढंच विचारलं होतं की कुठून आलात, आणि ती म्हणाली होती, रेल्वे वर्कशॉपच्या बाजूने. यात खोटं काही नव्हतं. वर्कशॉपला दोन बाजू आहेत. एकीकडे जयनगर, तिथे रामाचं देऊळ आणि देवळामागे ओळीने बँकेतल्या, कॉलेजातल्या लोकांची घरं. दुसरीकडे अशोकपुरम. म्हैसुरात अशोकपुरम म्हटलं की जात वेगळी विचारावी लागत नाही. म्हणून तर माणसं आधी कुठून आलात असं विचारतात. जयशीला अशोकपुरमला जन्मली, लग्न होऊन तिथेच दोन गल्ल्या पलीकडे गेली, आणि एक्केचाळीस वर्षांत तिने किती वेळा नुसती वर्कशॉपची बाजू सांगितली असेल याला गणती नाही. पण सांगून ती गप्प बसायची. पुढचं ज्याचं त्याने समजून घ्यावं. मान आजवर कधी हलली नव्हती.

"बघा, मला फोनवरच वाटलं होतं," वत्सलम्मा खूश होऊन म्हणाल्या. "काय ते स्वच्छ बोलणं! मुलीला म्हटलंसुद्धा मी, ही आपल्यातलीच असणार. बस गं, उभी का? कॉफी टाकते." एका श्वासात त्या अहोवरून अगंवर आल्या आणि गुडघे धरत धरत आत गेल्या. मागच्या पडवीत जयशीला आणि तो इडलीचं पीठ वाटायचा विजेचा रगडा असे दोघेच उरले. दहा लिटरचा, स्टीलच्या पिंपाचा, आत काळ्या दगडाचा तळ आणि त्यावर नारळाएवढा गुंडा. अंगावर जुनी चादर पांघरून आजारी माणसासारखा तो कोपऱ्यात बसला होता. मागच्या वाटेने आल्या आल्या जयशीलाने चादर आणि झाकण काढून तळाच्या दगडावरून बोटं फिरवली होती. दगड खरखरीत होता, छिन्नीने टाकी नीट लावलेली होती. पर्समध्ये तिचा कागद होता, मुलीच्या वहीतून फाडलेला, त्यावर दहा प्रश्न. चार विचारून झाले होते. किती वर्षांचा? अकरा. टाकी कधी लावली? गेल्या दसऱ्याला. मोटार कधी जळली होती का? नाही. का विकताय? बेंगळुरूला मुलीकडे जायचंय, अकराव्या मजल्यावर, तिथे हा कुठे ठेवू? चारही उत्तरं चांगली होती. पाचवा प्रश्न भावाचा होता. तो तोंडातून निघणार एवढ्यात विकणारीनेच आपला प्रश्न टाकला होता आणि त्यानंतर कागदावरचं एक अक्षर तिला आठवत नव्हतं.

तिला स्वतःच्या मानेचा राग आला. मान असा अवयव आहे की ज्यावर राग काढायला आरसासुद्धा पुरत नाही. अजून काही बिघडलं नाही, तिने स्वतःला सांगितलं, बाई कॉफी घेऊन आल्या की सांगून टाकायचं. मग दुसरं मन म्हणालं, कशाला? तू सून म्हणून आली आहेस का इथे? रगडा घ्यायला आलीस. घे आणि नीघ. आणि त्या दुसऱ्या मनाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. कुवेंपुनगरातल्या मुलींच्या हॉस्टेलने पहिल्या तारखेपासून रोजचं दहा किलो इडलीचं पीठ तिच्याकडून घ्यायचं कबूल केलं होतं, आणि आज अठ्ठावीस तारीख. पहिल्या तारखेला पीठ पोचलं नाही तर काम दुसरीला जाणार होतं, मेसवालीने तसं तोंडावर सांगितलं होतं. नवा रगडा सव्वीस हजारांना. तिच्याकडे होते सतरा. हा बारा हजारांना मिळाला तर पाच राहत होते, तेवढ्यात उडीद, तांदूळ, दोन मोठे डबे. जाहिराती बघून बघून महिना गेला होता आणि सबंध म्हैसुरात तिच्या ऐपतीतला रगडा हा एकच होता.

प्रश्न विचारायला तिला अप्पांनी शिकवलं होतं. अप्पा, तिचे वडील, वर्कशॉपमध्ये फिटर. घरात नवं असं काही नसायचंच. सायकल, लोखंडी कपाट, टेबलफॅन, इतकंच काय, चष्म्याची फ्रेमसुद्धा दुसऱ्याच्या नाकावरून आलेली. रविवारचा पेपर घेऊन ते जाहिरातींवर पेन्सिलीने खुणा करायचे आणि जयशीलाला सायकलीच्या दांड्यावर बसवून निघायचे. वस्तूची तारीफ करायची नाही, ते सांगायचे, वस्तूकडे फार बघायचंही नाही, विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, मोडलेला भाग तिथे दिसतो. ती अकरा वर्षांची असताना तिच्या अभ्यासासाठी टेबल बघायला ते असेच कुणाकडे गेले होते. टेबल ओसरीवरच होतं. सागवानी, दोन खणांचं, त्यावर मालकाचा पेपर आणि चष्मा. मालक फाटकाशी आला आणि फाटक न उघडता म्हणाला, कुठून आलात? अप्पांना आडवळण ठाऊकच नव्हतं. अशोकपुरम, सर, ते म्हणाले. मालक म्हणाला, अरेरे, आत्ताच गेलं हो टेबल. आणि अप्पा, मोडलेला भाग तोंडावर ओळखणारे अप्पा, त्या ओसरीवरच्या टेबलाकडे एकदा बघून म्हणाले, असू दे सर, थँक्स. थँक्स! परत येताना त्यांनी तिला भजी घेऊन दिली. तिने ती रस्त्यात टाकली आणि तिला मार बसला. मालकाचा चेहरा ती कधीच विसरली. अप्पांचं थँक्स मात्र तीस वर्षं तिच्या घशात अडकलेलं आहे. अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या मयताच्या वेळीही तिला एका क्षणी वाटून गेलं होतं, उठवावं आणि विचारावं, कशाचं थँक्स?

आपण तसं व्हायचं नाही एवढं तिने तेव्हा ठरवलं, आणि झाली ती वेगळीच. पंधरा वर्षं एका खाजगी हॉस्पिटलच्या चौकशीच्या फोनवर बसली. तिथे तिचा आवाज घडला. डॉक्टर किती वाजता भेटतील, कुठल्या मजल्यावर, पेशंटची तब्येत कशी आहे, हे सगळं ती अशा सुरात सांगायची की फोन करणाऱ्याचं दुखणं निम्मं उतरावं. कुणी म्हातारा विचारायचा, बाळ, नाव काय तुझं? जयशीला म्हटलं की म्हणायचा, वा, कुणाची गं तू? आणि ती हसायची. फोनवर हसण्याला पैसे पडत नव्हते. आता तिथे रेकॉर्ड केलेला आवाज बसवलाय, एक दाबा, दोन दाबा. तिला तीन महिन्यांचा पगार आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. नोकरी गेली, आवाज तेवढा तिच्याकडे राहिला, आणि त्या आवाजाने आज तिला या घरात मागच्या पडवीपर्यंत आणून सोडलं होतं. बाहेर तुळस होती, दोरीवर नऊवारी वाळत होती. आतून कॉफीचा वास आला. चांगल्या कॉफीचा. तिला तोही सोसेना.

वत्सलम्मा स्टीलच्या पेल्यात कॉफी आणि बशीत कडबोळ्यांसारखी तळलेली चार कोडुबळी घेऊन आल्या. काखेत एक वही होती. "खा. मीच केलीत. आता या हातांनी होत नाही, पण पीठ हातात घेतलं की राहवत नाही." त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. बाई वाईट नव्हती. हेच तर अवघड होतं. गोल चेहरा, कानात जुन्या हिऱ्याच्या कुड्या, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. त्यांनी जयशीलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे गेल्यावर याच रगड्याने मला जगवलं बघ. दोन मुलींची लग्नं केली याच्यावर. आता तू विचारशील, शेवटचा भाव काय? तूच सांग."

"तुम्ही बारा लिहिलंय," जयशीला म्हणाली. आवाज हॉस्पिटलचाच निघाला.

"ते बाहेरच्यांना. तुझ्याकडून बारा घेऊ? साडेनऊ दे." जयशीलाला काही बोलायला न देता त्यांनी वही पुढे केली. "आणि हे बघ. रगडा घेशील, पण गिऱ्हाईक? ही चाळीस घरं आहेत. अग्रहारातली, सरस्वतीपुरमातली, सगळी आपली. सोवळ्यातलं पीठ बाहेर मिळत नाही ना कुणाला. श्राद्धाचे वडे, सणाचे डोसे, सांडगे, पापड, वर्षभर काम आहे. मी एकेकीला फोन करून सांगते, आता माझ्या जागी शीला. देवळाच्या गल्लीतली म्हटल्यावर कोण काय विचारतंय? तुला बाजारात हिंडायलाच नको."

चाळीस घरं. हॉस्टेलचं दहा किलो आणि ही चाळीस घरं. जयशीलाच्या डोक्यात आकडे आपोआप पळाले आणि पळता पळता तिला दिसलं की ती रोज सकाळी डबे घेऊन चाळीस दारांशी उभी आहे आणि चाळीसदा मान हलवते आहे. दिवाळीला, संक्रांतीला. मुलीने कॉलेजात काय सांगायचं, घरी कुणी आलं तर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो कुठे ठेवायचा. आणि तरीही, खरं सांगायचं तर, तिचा हात वहीकडे गेला. वहीच्या पुठ्ठ्याला हळदीचं बोट लागलेलं होतं. तिने पहिलं पान उलटलं. नाव, गल्ली, किती पीठ, आंबट की गोड. इतक्या निगुतीने लिहिलेलं होतं की तिला वाचत राहावंसं वाटलं.

"काल एक आली होती," वत्सलम्मा कोडुबळं मोडत म्हणाल्या. "दिसायला बरी होती, बोलायलाही बरी. बारा म्हटलं तर बारा, घासाघीस नाही काही नाही. पण विचारलं तर म्हणे अशोकपुरम. आता काय करू मी? म्हटलं, अगं बाई, आत्ताच गेला. आणि रगडा इथे, तिच्या पायाशी! मला तर हसूच यायला लागलं. पण तीही समजूतदार हो. थँक्स म्हणाली आणि गेली."

जयशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं आपण नुसतं म्हणतो, पण तिला ती खरोखर चढताना कळली. पोटऱ्या, मांड्या, पोट, आणि घशाशी आल्यावर तिथे आधीच अडकलेलं जे होतं त्याला जाऊन ती भिडली. कोण असेल ती? तिच्याच गल्लीतली कुणी असेल. अंगणवाडीत काम करते ती, नाही तर चौकातली इडलीवाली. काल ती थँक्स म्हणून गेली आणि आज तिच्याच जागेवर बसून मी कॉफी पिते आहे. जयशीलाने पेला खाली ठेवला.

"अम्मा, मीही तिथलीच."

"कुठली?"

"अशोकपुरमची. वर्कशॉपची ती बाजू. देवळाची नाही."

वत्सलम्मांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, त्यात कोडुबळ्याचा तुकडा तसाच. आता ही बाई पेल्याकडे बघणार, जयशीलाला वाटलं, आणि ती त्याची वाट बघत राहिली, बघावंच म्हणून, म्हणजे आपल्याला जे काय बोलायचं ते बोलता येईल. पण त्यांनी पेल्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वही ओढून घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"पण तुम्ही मान हलवलीत," त्या म्हणाल्या. तुम्ही.

"हलवली."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात. मी काही ओढून वदवून घेतलं नाही."

"नाही घेतलं. चुकलं माझं," जयशीला म्हणाली, आणि हे खरं असल्याचा तिला आणखी संताप आला. एवढ्या मोठ्या गोष्टीत चूक म्हणून दाखवता येईल अशी एकच, आणि ती नेमकी तिच्या पदरात.

"हे बघा, मी असलं काही मानत नाही हो. माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात तुमच्यातले कितीतरी जण जेवून गेले."

"मग काल?"

वत्सलम्मांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग हळू म्हणाल्या, "कालचं जाऊ द्या. शब्द दिलाय मी तुम्हाला, तो मोडत नाही. साडेनऊला घेऊन जा. वही मात्र देता येणार नाही. ती माझी नाही, त्या घरांची आहे. मला तोंड दाखवायचंय त्यांना."

"बारा," जयशीला म्हणाली.

"काय?"

"बाराला घेते."

"अहो, मी साडेनऊ म्हटलंय ना?"

"ते तुमच्यातल्यांना. बाहेरच्यांना बारा. तुम्हीच म्हणालात."

"असं काय करता? बरं, दहा द्या."

"बारा."

"अकरा घेते. पण आवाज नका चढवू, शेजारी ऐकतात."

"दगड झिजलाय?"

"नाही."

"मोटार जळलीय?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

"मग अडीच हजार कशाचे कमी केलेत? सांगा की. वस्तूत खोट असली तर कमी करतात. खोट कुठे आहे ते दाखवा, मी लगेच कमी देते."

वत्सलम्मांचे डोळे भरून आले. "माझं वय बघून तरी बोला हो," त्या म्हणाल्या. जयशीलाने पर्समधून पाकीट काढलं, त्यातल्या बारा हजारांच्या नोटा वेगळ्या काढल्या आणि रगड्याच्या बंद झाकणावर ठेवल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर कोडुबळ्यांची बशी ठेवली. "उद्या सकाळी आठला चुलते टेम्पो घेऊन येतील. पुढच्या दाराने काढतील, मागची वाट अरुंद आहे," असं म्हणून ती निघाली.

कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर ती उभी राहिली आणि मग हिशेब समोर आला. अडीच हजार. पंधरा दिवसांच्या उडदाचे पैसे ती एका म्हातारीच्या तोंडावर मारून आली होती, आणि म्हातारीला ते नकोच होते! कुणाची जिरवली? वत्सलम्मा बेंगळुरूला अकराव्या मजल्यावर जातील आणि एका बाईने कसा तमाशा केला ते मुलीला सांगतील. राग तिचा, आणि भुर्दंडही तिलाच. अप्पांचे निदान पैसे वाचले होते. हा विचार मनात आला तसं तिला अप्पांचा प्रथमच राग आला नाही, पण कीवही आली नाही. नुसतं इतकंच कळलं की फाटकापाशी सायकल धरून, दांड्यावर पोर बसवून उभं राहिलेल्या माणसाला सुचतं ते सुचतं. तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, एकवीस नंबर गेली का? तिने चौकशीच्या सवयीने उत्तर दिलं. बस येताना दिसली आणि पाय पायरीवर ठेवता ठेवता ती थबकली. रगडा चालू करून बघितलाच नव्हता. कागदावरचा सहावा प्रश्न होता तो, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला. पाऊण तास त्या घरात होती, आणि त्या पाऊण तासात दोघींपैकी एकीनेही बटण दाबलं नव्हतं. आपण कोण, कुठल्या, कुणातल्या याच्यातच वेळ गेला आणि बारा हजारांचं यंत्र जिवंत आहे की मेलं हे कुणी विचारलंच नाही. तिने पाय मागे घेतला. कंडक्टर ओरडला. ती तरातरा चालत परत निघाली.

घंटा तिने दाबून धरली. वत्सलम्मांनी दार उघडलं. मागच्या बाजूचं नव्हे, पुढचं. डोळे पुसलेले होते. पलीकडे पडवीत बशीखाली नोटा तशाच होत्या.

"आता काय राहिलं?" त्या म्हणाल्या.

"चालू करून दाखवा."

"चालतो हो. खोटं कशाला बोलू?"

"बोलत नसाल. पण मी पैसे दिलेत. चालू करून दाखवा."

वत्सलम्मा पडवीत आल्या, नोटा आणि बशी उचलून खिडकीत ठेवली. भिंतीतल्या बटणापर्यंत त्यांचा हात गेला आणि तिथेच थांबला. "कोरडा फिरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "दगडावर दगड घासतो. आत पाणी घालावं लागतं. थांबा, आणते." त्या गुडघ्याला हात लावून वळू लागल्या.

"तुम्ही बसा," जयशीला म्हणाली. "गुडघे दुखतात तुमचे. नळ कुठेय?"

"आत आहे. स्वयंपाकघरात. पण..."

"मी आणते."

ती आत गेली. मागून एक आवाज आला, शब्द नव्हे, नुसता घशातला, आणि मग तोही थांबला. स्वयंपाकघर छोटं होतं. चाळणीत धुतलेले तांदूळ निथळत होते, खिळ्याला लायटर टांगलेला, नळाला कापडाची चिंधी बांधलेली. इतकंच. आत काहीतरी निराळं असेल असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं आणि ते तसं नव्हतं याचाही तिला राग आला. ओट्यावरचा तांब्या तिने घेतला, विसळला, काठोकाठ भरला, आणि सांडू न देता बाहेर आणला. वत्सलम्मा स्टुलावर बसल्या होत्या. तांब्याकडे बघत होत्या. त्यांनी थांबवलं नाही.

जयशीलाने झाकण काढून पिंपात पाणी ओतलं आणि बटण दाबलं. रगडा घुरघुरला, पिंप फिरलं, गुंडा डगमगून सरळ झाला, पाणी काळसर होऊन कडेला चढलं. चार फेऱ्या नीट झाल्या. पाचव्याला खालून किंचाळी आली, पिंप अडखळलं, थांबल्यासारखं झालं आणि परत फिरू लागलं. जयशीला वाकली, तिने कान लावला. मग बटण बंद केलं आणि खाली हात घालून मोटारीचा पट्टा बोटाने दाबून पाहिला. तो बोटाबरोबर खाली गेला.

"पट्टा गेलाय," ती म्हणाली.

"महिनाभर बंद आहे म्हणून तसं वाटतं."

"वाटत नाही, गेलाय. हात लावून बघा."

वत्सलम्मा उठल्या, वाकल्या आणि त्यांनी हात लावून पाहिला. दोघींची डोकी जवळजवळ एकमेकींना लागली. "सैल आहे थोडा," त्या म्हणाल्या.

"नवा टाकावा लागेल. सातशे परत द्या."

"आत्ता तर बाराच्या खाली यायला तयार नव्हतात तुम्ही!"

"ते तुम्ही माझे कमी करत होतात. हे पट्ट्याचे आहेत. हे मी घेणार."

वत्सलम्मा सरळ झाल्या. त्यांनी जयशीलाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्याही नाकपुड्या फुगल्या. "सातशे?" त्या म्हणाल्या. "पट्टा काय सोन्याचा येतो? दोनशेच्या वर एक पैसा मिळणार नाही."

"सहाशे," जयशीला म्हणाली आणि तांब्यात उरलेलं पाणी पिंपात ओतून तिने पुन्हा बटण दाबलं.